दृष्टिहीन मुलांच्या शारीरिक क्षमतेवर पीएच.डी. करायची आहे, तर आधी प्रश्न बदला

विचारणारे एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) झालेले शिक्षक आहेत आणि नागपुरातच पीएच.डी.चा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहीत आहेत. 'दृष्टिहीन आणि डोळस विद्यार्थ्यांच्या शारीरिक क्षमतेचा तुलनात्मक अभ्यास' हा विषय त्यांनी धरला आहे. दोन्हीकडचे शंभर-शंभर विद्यार्थी घ्या, असे मार्गदर्शकांनी सांगितले आहे. चाचण्या कोणत्या लावाव्यात, शंभर दृष्टिहीन मुले कुठून आणावीत आणि शाळा परवानगी देतील का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

तिन्हींची उत्तरे देतो. मी अंध मुलांच्या शाळेत पी.टी. शिकवत आलो आहे आणि एम.पी.एड.च्या मुलांचे लघुप्रबंधही पाहत असतो, म्हणून दोन्ही बाजूंनी बोलतो. माझ्या मते खरी अडचण चाचणीची नाहीच. या विषयाचे उत्तर तुम्ही मैदानावर पाय ठेवण्याआधीच ठाऊक आहे, ही अडचण आहे. धावणे, फेकणे, तोल सांभाळणे यांत दृष्टिहीन मुले सरासरीने मागे दिसतात. हाताची पकड, सिट-अप्स, बसून पुढे वाकणे यांत फरक कमी होतो, कधी उरतही नाही. जगभरच्या अभ्यासांतून हे कितीतरी वर्षे येत आहे. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाऊन शोधा, आपल्याकडचेही प्रबंध याच वाटेने गेलेले दिसतील. शेवटच्या प्रकरणात 'विशेष कार्यक्रम राबवण्यात यावेत' अशी शिफारस असते. ती वाचून अंध शाळेतले पी.टी.चे सर विचारतात, "कोणता कार्यक्रम, सांगा ना?" त्याचे उत्तर प्रबंधात नसते.

दोन गटांच्या सरासरीत फरक निघाला, तर तो आला कुठून? त्यात निदान तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, न दिसण्याचा प्रत्यक्ष परिणाम. दोन, आजवर त्या मुलाला धावायला, पडायला, झाडावर चढायला मिळाले की नाही. तीन, तुम्ही लावलेली चाचणी त्याच्यासाठी न्याय्य होती का. टी-टेस्ट, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी, या तिन्हींची बेरीज दाखवते, फोड करून देत नाही. आणि प्रबंध ती सगळी बेरीज पहिल्या खात्यात टाकून मोकळा होतो.

दुसरे खाते किती मोठे असते ते इथल्या वसतिगृहात दिसते. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळकडून आलेली मुले असतात. एखाद्याला घरच्यांनी 'लागेल, पडेल' म्हणून दहा वर्षांचा होईपर्यंत खाटेवरून उठू दिलेले नसते. त्याच्या शेजारच्या पलंगावरचा मुलगा भावंडांसोबत नाल्यात पोहलेला असतो. दोघांची दृष्टी सारखीच, म्हणजे शून्य. पहिल्या महिन्यात दोघांना पळवून पाहा. त्या फरकाला डोळा जबाबदार नाही.

वरच्या टोकाला पाहिले तर अमेरिकेचा डेव्हिड ब्राउन २०१४ मध्ये १०० मीटर १०.९२ सेकंदांत धावला, आणि तो टी-११ गटातला, म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून मार्गदर्शक धावपटूसोबत पळणारा. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये आपल्या सिमरन शर्माने टी-१२ (अंशतः दिसणाऱ्या धावपटूंच्या) गटात २०० मीटरचे कांस्य २४.७५ सेकंदांत घेतले. त्याच स्पर्धेत कपिल परमारने ज्युदोत कांस्य मिळवले, ते भारताचे ज्युदोतले पहिले पॅरालिम्पिक पदक. अव्वल खेळाडूंवरून शाळेतल्या सामान्य मुलांचा अंदाज बांधता येत नाही, हे मान्य. पण वेगाची मर्यादा डोळ्याने ठरवलेली नाही, एवढे तरी यातून दिसते.

आता तिसरे खाते, चाचणी. आपल्याकडच्या प्रबंधांत एएएचपीईआर या अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षण संघटनेची युवा क्षमता चाचणी सर्रास दिसते. १९५८ ची ही मालिका डोळस अमेरिकी मुलांसाठी केलेली. त्यातली शटल रन घ्या. तीस फुटांवर दोन लाकडी ठोकळे ठेवलेले, पळत जायचे, एक उचलून आणायचा, ठेवायचा, पुन्हा जायचे. पूर्ण अंध मुलगा तिथे पोहोचतो आणि वाकून ठोकळा चाचपडत बसतो. घड्याळ चालूच. तुमच्या तक्त्यात मात्र त्या रकान्याचे नाव 'चपळता'. तमिळमध्ये प्रश्नपत्रिका देऊन पोरगा गणितात कच्चा आहे म्हणण्यातला हा प्रकार.

पन्नास मीटर धावणेही वाटते तितके सरळ नाही. ते घेण्याच्या निदान तीन पद्धती आहेत. शेवटच्या रेषेपलीकडे उभे राहून कोणीतरी सतत हाक मारतो आणि मूल आवाजाकडे पळते. किंवा कमरेच्या उंचीवर ताणलेल्या दोरीवर कडी सरकवत, ती हातात धरून पळते. किंवा डोळस सोबती छोट्या दोरीने जोडून घेऊन पळतो. हाकेवर पळताना मूल भरकटते आणि वेग रोखून धरते. कडीवर एक हात अडकतो, त्यामुळे हातांची लय मोडते. सोबती असेल तर तो मुलापेक्षा चांगलाच वेगवान हवा, नाहीतर तुम्ही सोबत्याचाच वेळ मोजता. एकाच मुलाचे तीन पद्धतींत तीन वेगळे वेळ आलेले मी पाहिले आहेत. कोणतीही घ्या, पण सगळ्यांना तीच द्या आणि प्रबंधात स्पष्ट लिहा. 'आवश्यक ते बदल करून चाचणी घेण्यात आली' एवढेच वाक्य असेल तर तो प्रबंध मी तिथेच मिटतो.

सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीत आणखी एक गंमत आहे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २००२ च्या सूचनांनुसार चाचणी घेणाऱ्याने सोबत चालू नये, कारण त्याच्या चालीचा परिणाम चालणाऱ्यावर होतो. आपल्याला तर सोबत चालावेच लागते. मग अर्धे पाऊल मागे राहा, वळणाच्या आधी ठरलेल्या एकाच शब्दाने सांगा, आणि सगळ्या मुलांसोबत तोच माणूस चालू द्या.

चाचणी-मालिकेचे नाव हवे असेल तर ब्रॉकपोर्ट. जोसेफ विनिक आणि फ्रान्सिस शॉर्ट यांनी ती १९९९ मध्ये १० ते १७ वयाच्या दिव्यांग मुलांसाठी मांडली, त्यात दृष्टिदोष असलेल्यांचा स्वतंत्र विचार आहे. लहान मुलांच्या मूलभूत हालचाली पाहायच्या असतील, म्हणजे पळणे, लंगडी, उडी, झेलणे, फेकणे, तर टीजीएमडी (टेस्ट ऑफ ग्रॉस मोटर डेव्हलपमेंट). ती ३ ते १० वर्षांसाठी आहे. मूल किती लांब फेकते यापेक्षा कसे फेकते ते ती पाहते, आणि दृष्टिदोष असलेल्या मुलांवर तिची विश्वसनीयता तपासली गेली आहे. ब्रॉकपोर्टचे निकष मात्र अमेरिकी मुलांवर बेतलेले आहेत. त्यांच्या तक्त्यावरून आपल्या धंतोलीतल्या किंवा धानोऱ्यातल्या पोराला 'अक्षम' ठरवू नका. आधीचा आणि नंतरचा आकडा एकमेकांशी ताडून पाहायला ती उत्तम आहे.

कोणतीही चाचणी घ्या, मोजणीच्या आधी ओळखीचे सत्र हवेच. मुलाने मैदान चालून पाहावे, सुरुवातीची रेषा पायाने चाचपावी. फक्कीची रेषा आपल्यासाठी, त्याला ती नाहीच. सुतळी टाकून वरून चिकटपट्टी लावा, बुटातूनही कळते. गोलबॉल या दृष्टिहीनांच्या खेळाचे मैदान असेच आखतात. आणि लांब उडी कशी मारायची हे एखाद्या चांगल्या उडी मारणाऱ्याच्या गुडघ्याला, खांद्याला हात लावून त्याला समजू द्या. हे न करता घेतलेला पहिला प्रयत्न क्षमता मोजत नाही, भीती मोजतो.

तुमच्या 'दृष्टिहीन' गटात नक्की कोण बसणार? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार, चांगल्या डोळ्याची चष्म्यासह दृष्टी ३/६० (इतरांना ६० मीटरवरून दिसते ते ३ मीटरवरून दिसणे) पेक्षा कमी किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर ते अंधत्व. ६/१८ च्या खालून ३/६० पर्यंत अल्पदृष्टी. खेळातली वर्गवारी निराळी, ती लॉगमार मापावर चालते, त्यात आकडा जितका मोठा तितकी दृष्टी कमी. बी-१ म्हणजे २.६० पेक्षाही वाईट. बी-२ म्हणजे १.५० ते २.६०, किंवा क्षेत्र १० अंशांहून कमी. बी-३ म्हणजे १.० ते १.४, किंवा क्षेत्र ४० अंशांहून कमी. लॉगमार १.० म्हणजे आपल्या ओळखीचे ६/६०, आणि ३/६० म्हणजे साधारण १.३. हिशेब जुळवून पाहा. प्रमाणपत्रावर 'अंध' असलेले मूल बी-१, बी-२, बी-३ यांपैकी कुठेही असू शकते. उलट दोन्ही डोळे ६/२४ आणि क्षेत्र चांगले असेल, तर कायद्याने ते मूल अल्पदृष्टीचे, पण खेळाच्या वर्गवारीत ते बसतच नाही. म्हणून युडीआयडी (दिव्यांगांचे ओळखपत्र) कार्डावरच्या टक्केवारीवरून 'बी-२ चे विद्यार्थी' असे लिहू नका. तो शिक्का अधिकृत वर्गवारी करणाऱ्यांनीच मारायचा असतो. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या नेत्र विभागाने दिलेली दृष्टी आणि क्षेत्र आहे तसे नोंदवा, त्यावरून गट करा.

हे एकत्र घोळले तर काय होते ते अंधांच्या क्रिकेटने केव्हाच ओळखले आहे. अकरा जणांत किमान चार बी-१ हवेत असा नियम आहे, आणि बी-१ फलंदाजाने काढलेली धाव दुप्पट धरतात. खेळ ज्याला सारखे मानत नाही त्याची प्रबंधात सरासरी काढायची, हे काही पटत नाही. दृष्टी कधी गेली हेही लिहा. जन्मतः न दिसणारे मूल आणि दहाव्या वर्षी दृष्टी गेलेले मूल यांच्या शरीराची ओळख वेगळी असते. दुसऱ्याने धावणारा माणूस पाहिलेला आहे, त्याला 'हात कोपरात वाकव' म्हटले की कळते.

डोळस मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून तुलना करावी का, असे काही जण विचारतात. तेही नको. पाच मिनिटांपूर्वी पट्टी बांधलेला मुलगा आणि आयुष्यभर कानाने रस्ता ओळखणारा मुलगा यांत पहिलाच जास्त अडखळतो. त्यावरून 'दृष्टिहीनांचे इतर ज्ञानेंद्रिय तीक्ष्ण असते' असा निष्कर्ष काढणारेही सापडतात. त्यातून पट्टीची सवय नसणे एवढेच सिद्ध होते.

इथवरचे थोडक्यात: तुलनेचे उत्तर माहीत आहे, त्याचे कारण तुलनेतून कळत नाही, आणि नेहमीच्या चाचण्या व नेहमीचे गट हे कारण आणखी झाकतात. मग करायचे काय? इथे परिस्थितीवर बरेच अवलंबून आहे. तुमच्याकडे वेळ किती, एकाच शाळेत रोज जाता येईल की दहा शाळांत एकेकदा, मार्गदर्शक कितपत ऐकतील. मी मला सर्वांत मोलाचा वाटणारा विषय सांगतो आणि त्याच्या जवळचे दोन.

आपण सगळे अंध शाळांकडे धावतो, कारण तिथे मुले एका जागी मिळतात. त्या मुलांनाही आता सवय झाली आहे. "सर, यंदा पण टेप घेऊन कोणी येणार का?" असे मला एका पोट्ट्याने विचारले होते. पण समग्र शिक्षा आल्यापासून, आणि त्याआधीपासूनही, बरीच दृष्टिदोष असलेली मुले नेहमीच्या शाळेत, नेहमीच्या वर्गात शिकतात. पी.टी.च्या तासाला ती काय करतात? माझ्या पाहण्यात बहुतेकदा दप्तरे सांभाळतात, कडुनिंबाखाली बसतात, फार तर गुण मोजतात. "तू बस बेटा, लागेल" असे सर प्रेमाने म्हणतात. सरांना दोष देत नाही, समोर साठ मुले आणि हातात एक शिट्टी. पण दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ३० दिव्यांगांच्या क्रीडासहभागाची जबाबदारी शासनावर टाकते, आणि त्या तासात खरोखर काय घडते ते आपल्याकडे नीट मोजलेले माझ्या पाहण्यात नाही. तुमचा प्रबंध इथे उभा राहू शकतो.

मोजायचे साधन तयार आहे. सोफिट नावाची निरीक्षणपद्धत थॉमस मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडली. एका मुलावर लक्ष ठेवायचे, दहा सेकंद पाहायचे, दहा सेकंद नोंदवायचे. मूल झोपलेले, बसलेले, उभे, चालणारे की जोरात हालचाल करणारे, असे पाच कप्पे. सोबत तेव्हा वर्गात काय चालले होते आणि शिक्षक काय करत होते याचीही नोंद. त्याच तासातल्या एका डोळस मुलाचीही तशीच नोंद ठेवा. तुलना तुमच्या मार्गदर्शकांना हवीच आहे ना, ती इथे होते आणि इथे तिला अर्थ आहे. कारण ही तुलना संधीची आहे. चाळीस मिनिटांच्या तासात एक मूल वीस मिनिटे हलते आणि दुसरे चार मिनिटे, असे काही निघाले तर (आकडे केवळ उदाहरणाचे) त्यावर मुख्याध्यापकाला उद्यापासून काही करता येते.

माझी एक सूचना. सोफिटच्या तक्त्यात एक रकाना स्वतःचा वाढवा, शिक्षकांच्या सूचना कशा होत्या याचा. 'इकडे बघा', 'असे करा', 'त्याच्यासारखे' या सूचना न दिसणाऱ्या मुलासाठी कोऱ्या असतात. 'उजवा हात कानाच्या बाजूने सरळ वर' ही सूचना सगळ्यांना चालते. तासाभरात कोऱ्या किती आणि भरलेल्या किती हे मोजले तर शिक्षक प्रशिक्षणासाठी तयार मसाला मिळेल. दोन निरीक्षक ठेवा, काही तास दोघांनी एकत्र पण स्वतंत्रपणे नोंदवा आणि जुळते का ते पाहा. ऐंशी टक्क्यांच्या खाली जुळत असेल तर आधी सराव वाढवा, मग नोंदी धरा.

दुसरा विषय शिकवण्याच्या पद्धतीचा, आणि हा माझ्या आवडीचा. न दिसणाऱ्या मुलाला हालचाल शिकवताना तीन मार्ग असतात: तोंडी वर्णन, मुलाने शिक्षकाच्या किंवा सोबत्याच्या शरीराला हात लावून हालचाल समजून घेणे, आणि शिक्षकाने मुलाचे हातपाय धरून हालचाल करवणे. आपले शिक्षक तिसऱ्याकडे लगेच वळतात कारण ते झटपट होते. माझा अनुभव असा, की दुसऱ्या मार्गाने शिकलेले जास्त टिकते, कारण त्यात चौकशी मुलाच्या हातात असते. हा झाला अनुभव, तो तपासून पाहणे हे तुमचे काम. आठ-दहा मुले घ्या. प्रत्येकाची आधी काही दिवस नुसती मोजणी, मग पद्धत सुरू. पण सगळ्यांना एकदम नाही, दोन-दोन मुलांना पुढे-मागे करून. ज्याची पद्धत जेव्हा सुरू झाली तेव्हाच त्याचा आलेख वर गेला, तर ते श्रेय पद्धतीचेच. मुलाची तुलना स्वतःशीच होत असल्यामुळे शंभर मुलांची गरज उरत नाही. मार्गदर्शक 'नमुना लहान आहे' म्हणतील. त्यांना सांगा, शंभर मुलांची एकदा मोजणी आणि दहा मुलांची तीस-तीसदा मोजणी यांत माहिती कुठे जास्त आहे ते बघू या.

शिकवायला काय घ्यायचे? परदेशी काही आणायची गरज नाही. लेझीम घ्या. तिचा आवाजच ताल देतो, चुकले की मुलाला स्वतःला ऐकू येते. दोरीचा मल्लखांबही उत्तम, हात-पाय-दोरी यांचा संबंध कधी तुटत नाही. मुंबईत दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांना मल्लखांब शिकवला आहे. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. विदर्भात आट्यापाट्या जोरात आहे, पण पाट्या ओळखण्यासाठी सुतळीची मोठी तयारी लागेल आणि धडका बसतील, तो सुरुवातीला नको. तयार खेळ हवा असेल तर गोलबॉल. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये तो तयार झाला, १८ बाय ९ मीटरचे मैदान, सव्वा किलोचा घंट्यांचा चेंडू, दोन्ही बाजूंना तीन-तीन जण आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी. खरा चेंडू महाग पडतो. सरावाला फुटबॉलवर जाड प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा, घरंगळताना चांगली खरखरते.

तिसरा विषय छोटा आहे, एम.पी.एड.ला चालेल. निवासी शाळेतली मुले उन्हाळ्याच्या सुटीत घरी जातात आणि जूनअखेर परततात. सुटीआधी आणि सुटीनंतर मोजा. घरी गेल्यावर कोण किती हलते, कोणाला घरच्यांनी बाहेर सोडले, हे पालकांशी फोनवर बोलून कळते. एवढेच, पण कामाचे आहे.

सुरक्षिततेचे काही मुद्दे प्रबंधात क्वचित येतात, आणि ते यायला हवेत. काचबिंदू असलेल्या मुलाला शीर्षासन, सर्वांगासन देऊ नका. डोके खाली गेले की डोळ्यातला दाब वाढतो, आणि श्वास रोखून जोर लावण्यानेही तो वाढतो. योगावर प्रबंध करणारे हे विसरतात. नेत्रपटल सुटण्याचा धोका असलेल्या किंवा फार मोठा मायनस नंबर असलेल्या मुलांना उड्या, धडका, डोक्याला हिसका बसणारे प्रकार नेत्रतज्ज्ञाला विचारल्याशिवाय नकोत. 'पूर्ण आंधळाच आहे, आता काय बिघडणार' असे कोणी म्हणेल, पण प्रकाश आणि सावली कळण्याएवढी दृष्टीही त्या मुलाला रस्ता दाखवते. वर्णकहीनता (अल्बिनिझम) असलेल्या मुलांना ऊन सोसत नाही, डोळे दिपतात, त्वचा भाजते. तसे तर नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात कोणाचीच चाचणी घेऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी घ्या.

आवाजाचेही पाहा. पावसाळ्यात टिनाच्या शेडखाली हाकेवर पळण्याची चाचणी निरर्थक, काही ऐकूच येत नाही. लग्नसराईत शेजारी डीजे लागला की तो दिवस सोडून द्या. आणि ज्यांना प्रकाशाचीही जाणीव नाही अशा काही जणांचे झोपेचे घड्याळ चोवीस तासांशी जुळत नाही, ते दिवसागणिक सरकत जाते. पुन्हा मोजणी त्याच वेळेला घ्या आणि रात्री झोप झाली का ते विचारून लिहून ठेवा. एखाद्याचा आकडा अचानक घसरला तर कारण तिथे सापडते.

आता परवानगी. शाळा देतात, पण मुख्याध्यापकांची सही म्हणजे मुलाची संमती नव्हे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती आणि सात वर्षांवरील मुलाची स्वतःची मान्यता दोन्ही लागतात. वसतिगृहाचे अधीक्षक पालकाच्या जागी सही करतो म्हणाले तरी घेऊ नका. पालक दूरच्या गावी असतील तर दिवाळीत मुले घरी जातात तेव्हा कागद पाठवा, किंवा पालकसभेच्या दिवशी शाळेत बसा. मोठ्या मुलांना संमतीपत्र ब्रेलमध्ये द्या, ते शक्य नसेल तर मोबाइलवर आवाजात रेकॉर्ड करून ऐकवा. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तुमच्या संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. तुमच्या विषयात हात लावणे येणारच. दर वेळी आधी नाव घेऊन, "खांद्याला हात लावू का?" असे विचारायचे, आणि मुलगा नाही म्हणाला तर नाही. मुलींच्या चाचण्यांना शिक्षिका हव्यात. अनुदानित शाळा असेल तर व्यवस्थापनासोबत जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण कार्यालयातही आधी विचारून घ्या, नंतर धावपळ होत नाही.

दक्षिण अंबाझरी मार्गावरच्या अंध मुलांच्या शाळेपासून सुरुवात करायचा विचार दिसतो, ठीक आहे. पण पहिल्या भेटीत टेप आणि स्टॉपवॉच नेऊ नका. महिनाभर सकाळच्या पी.टी.ला जा, सोबती म्हणून पळा, मुलांना विचारा की त्यांना काय खेळायचे आहे आणि कुठे अडते. माझ्याकडचा एक मुलगा म्हणाला होता, "पळता येते सर, पण थांबायचं कुठं ते कोणी सांगत नाही." शेवटच्या रेषेनंतर मोकळी जागा किती आणि थांबण्याची खूण कोणती, यावर वेग अवलंबून असतो हे मला कोणत्याही जर्नलआधी त्याने सांगितले. आणि निकाल आल्यावर परत जाऊन मुलांना ते सांगा. लेखी नको, पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग चालेल.

मार्गदर्शकांशी बोलताना तुलना पूर्ण सोडली असे म्हणू नका, अडून बसतील. शीर्षक असे घेऊन जा: 'नागपूर जिल्ह्यातील सर्वसाधारण शाळांमधील दृष्टिदोष असलेल्या व डोळस विद्यार्थ्यांचा शारीरिक शिक्षणाच्या तासातील प्रत्यक्ष सहभाग'. 'तुलनात्मक' हा शब्द त्यांना हवाच असेल तर शेवटी जोडून द्या, बिघडत नाही. पण हे सगळे संशोधन समितीपुढे जाण्याआधी करा. विषय एकदा मंजूर झाला की शीर्षकातला एक शब्द बदलायलाही अर्ज, शिफारस आणि पुढच्या बैठकीची वाट, यात अख्खे सत्र जाते.